आखाजीच्या आठवड्यातला दौरा

शहादा,
९ एप्रिल

ती. दादास,
चेतनाचा सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, माय ठणठणीत आहे. फोन करावा तर तू कायम मीटिंगमध्ये, आणि मी बोलायला लागले की हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचायचं सोंग घेऊन बसतात. म्हणून शाळेत मधल्या सुट्टीत लिहिते आहे. उत्तरही शाळेच्याच पत्त्यावर टाक.

ह्यांच्या ऑफिसात तुमच्या समितीच्या दौऱ्याचा कार्यक्रम आला. कोणत्या आमदाराला कोणती गाडी, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला खाली झोपायची सवय आहे, सगळं त्यात होतं. अगदी शेवटी तुझं नाव. कक्ष अधिकारी, समिती शाखा, विधानभवन. मी ह्यांच्या हातातून कागद ओढूनच घेतला. तारखा बघते तर आखाजीच्या, तुमच्या मुंबईच्या अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर! दरवर्षी तू मुंबईहून धडपडत येतोस, धुडकूकाकांची मोटरसायकल मागतोस आणि मला इथून सारंगखेड्याला न्यायला येतोस. मी रिक्षाने एकटीही जाऊ शकते, पण आखाजीला भाऊ न्यायला आला नाही तर गल्लीतल्या बायका वर्षभर विचारतात. या वेळी सरकारच तुला आणून सोडतंय म्हटल्यावर मायने आतापासूनच सांजोऱ्यांचा रवा चाळायला घेतलाय.

आता खरं काम. तुमची समिती वर जांभळीपाड्याच्या आश्रमशाळेत जाणार आहे. तिथली पाणी योजना ह्यांच्याकडे होती हे तुला माहीत आहे. ह्यांना साक्षीला बसावं लागणार. एवढा मोठा शाखा अभियंता माणूस, पण ‘साक्ष’ हा शब्द ऐकल्यापासून ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलंय. आमदार काय विचारतात, कसं विचारतात, तेवढं समजावून लिही. प्रश्न सांग असं मी म्हणत नाही. सांगितलेस तर नको मात्र म्हणणार नाही.

तुझी,
चेतना

---

मुंबई,
१६ एप्रिल

चि. सौ. चेतना हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण मी घरी येणार नाही.

नवनीतराव साक्षीदार आहेत. समितीचा माणूस साक्षीदाराच्या घरी उतरत नाही, जेवत नाही, चहासुद्धा घेत नाही. साक्षीदार माझे मेहुणे आहेत, मला या दौऱ्यातून वगळा, असं मी वरिष्ठांना लेखी दिलं होतं. ते म्हणाले, शाखेत माणसं आहेत कुठे? तुम्ही फक्त त्यांच्याकडे जेवू नका म्हणजे झालं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा सोपा नियम मला पहिल्यांदाच कोणी सांगितला.

समितीबद्दल विचारलंस. सरकार खर्च करतं आणि काम झालं म्हणून सांगतं. ते खरंच झालं का, हे आमदारांनी जाऊन बघायचं, अधिकाऱ्यांना विचारायचं आणि सभागृहाला कळवायचं, एवढंच समितीचं काम. ऐकायला याहून चांगली गोष्ट नाही. मी ज्या दौऱ्यांना गेलो त्यांत काय झालं ते सांगतो. हार झाले. ओल्या रंगाच्या भिंती बघून झाल्या. मुलींनी नाच केला, टाळ्या झाल्या. जेवण झालं आणि जेवणानंतर कोणालाच काही विचारायची इच्छा उरली नाही. मग मी मुंबईला येऊन जाडजूड अहवाल लिहिला. माझे केस तुला मागच्या वर्षी पांढरे दिसले ना, ते वयाने नव्हेत.

नवनीतरावांना सांग, खरं असेल ते बोला आणि विचारलं तेवढंच बोला. याहून जास्त सांगणं मला शोभणार नाही.

मायची समजूत तूच घाल. आखाजीला वडिलांच्या नावाने भरतो ती घागर या वर्षी धुडकूकाकांच्या भिलाकडून भरून घ्या. तोही घरातलाच आहे.

तुझा,
दादा

---

शहादा,
२१ एप्रिल

ती. दादास,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. त्यावर जावक क्रमांक तेवढा घालायचा राहिला.

मायला तुझा नियम सांगितला. ती म्हणाली, “बहिनना घर पानी नही पेवानं, हाई कोनता कायदा शे?” मी म्हटलं, विधिमंडळाचा. मग बराच वेळ सूप आपटत बसली आणि म्हणाली, “नंदुरबारलोंग येई आनि घर नही येवाव?” चाळलेला रवा तिने परत डब्यात भरून ठेवलाय. मला तुझा राग आलाय, दादा, आणि तो मी लपवत नाही.

इथली तऱ्हा तर विचारू नकोस. आठवडाभर हे घरी फक्त अंग टाकायला येतात. जांभळीपाड्याच्या घाटात टँकर चढत नाही. अर्ध्यात बंद पडतो, ड्रायव्हर शिव्या देतो आणि हे मागच्या चाकाला दगड लावत उभे. टाकी काठोकाठ भरेपर्यंत ह्यांना चैन नाही. बरं, टाकी तरी केवढी? आमच्या तिसरीच्या वर्गाएवढीसुद्धा नाही. सगळे नळ एकदम सोडले तर माणसांचं जेवण उरकेपर्यंत कोरडी पडेल. त्यासाठी एवढी मरमर. पाय सुजलेत ह्यांचे. घरी आले की मिठाच्या पाण्यात पाय घालून बसतात.

तुमच्या आमदारांना यातलं काय कळणार म्हणा. नाच बघतील आणि जातील.

तब्येत सांभाळ. आमच्याकडचं पाणी पिऊ नकोस, पण उन्हाचं कुठलं तरी पी.

चेतना

---

मुंबई,
३ मे

चि. सौ. चेतना हिस,
अ. आ.

दौरा संपला. परत येऊन दोन दिवस मी ऑफिसात नुसता बसून होतो.

आमच्या गाड्या शहाद्यातून गेल्या तेव्हा तुझ्या शाळेच्या फाटकाशी पोपटी साडीतली एक बाई उभी दिसली. तू होतीस का? पुढच्या गाडीत अध्यक्ष होते, मागे अधिकारी, मधल्या गाडीत मी. थांबवा म्हणायला तोंड उघडलं होतं. मग उघडलंच आहे म्हणून ड्रायव्हरला विचारलं, नवापूर किती वाजता येईल? आम्ही तिथूनच सुरतेला जाऊन गाडी पकडली.

वर शाळेत आणि नंतर साक्षीच्या वेळी काय झालं ते तुला घरी कळलं असेल. मला लिहिता येत नाही. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत समितीचं कामकाज गोपनीय असतं. एवढंच सांगतो, नवनीतराव साक्षीच्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी फायलीत डोकं घातलं.

आखाजीला तू घरी कशी गेलीस? कोण आलं होतं न्यायला?

दादा

---

शहादा,
२४ मे

दादा,

आखाजीला मी गेले नाही. भिला आला होता न्यायला, त्याला चहा देऊन परत पाठवला. मायने लिंबाला झोका बांधून घेतला होता. त्यावर शेजारच्यांच्या लेकी खेळल्या.

तुझं कामकाज गोपनीय असेल. आमच्या गल्लीत ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मीच तुला सांगते. तुम्ही लोक शाळेत पोचलात. अध्यक्षांनी नळ सोडला, पाणी आलं, फोटो निघाले. ह्यांचे साहेब म्हणाले, चला सर, जेवून घेऊ. तेवढ्यात अध्यक्षांच्या हातात मागून एक चिठ्ठी आली. ते वाचून हसले आणि म्हणाले, सगळे नळ सोडा आणि तसेच वाहू द्या, आपण जेवून येऊ. भाकरी वाढल्या, वरण वाढलं. हे ताटावर बसले होते, पण ह्यांचा कान बाहेर होता. मठ्ठा येईपर्यंत आवाज थांबला. एकही नळ वाहत नव्हता. खाली पंप जोडलेलाच नाही हे मग सगळ्यांनी जाऊन बघितलं.

साक्षीत विचारलं, टाकी कशाने भरली? हे म्हणाले, टँकरने. कोणाच्या सांगण्यावरून? हे म्हणाले, माझ्याच. साहेब शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी चष्मा पुसला.

परवा निलंबनाचा आदेश आला. एकट्या ह्यांचा. साहेब फोन उचलत नाहीत. हे दिवसभर ओट्यावर बसतात आणि कोणी दिसलं की आत येतात. ज्या माणसाला गावात वाकून नमस्कार घालत त्याला आता लोक ‘कसं काय’ विचारतात आणि उत्तरासाठी थांबून राहतात.

हे म्हणतात, तुन्हा भाऊनीच करं. अध्यक्षांच्या मागे तोच बसला होता. मी म्हटलं, दादाला काय ठाऊक टाकीत काय आहे ते? तर म्हणाले, त्याले कोनी तरी सांगं व्हई.

चिठ्ठी तुझी होती का? हो की नाही, तेवढंच लिही.

चेतना

---

मुंबई,
१० जून

चि. चेतना,

हो.

तुला तेवढंच हवं होतं, पण मला पुढचं लिहायला हवं. टाकी टँकरने भरली आणि ती लहान आहे हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तू बहीण म्हणून आपलं गाऱ्हाणं लिहिलंस. मी ते कक्ष अधिकारी म्हणून वाचलं. नवऱ्याचे पाय सुजले हे वाचून मी आधी टाकीचा विचार केला, याची मला लाज वाटते. नियम पाळायचा म्हणून तुझ्या घरचं पाणी घेतलं नाही आणि तुझं पत्र मात्र वापरलं. कुठल्या नियमात बसतं ते?

मी असं का केलं हे विचारशील. इतके दौरे केले, इतके नाच बघितले. एकदा तरी नळ बंद पडलेला आमदारांनी डोळ्यांनी बघावा असं वाटलं. मला वाटलं, नवनीतरावांना विचारतील, ते साहेबांकडे बोट दाखवतील, साहेब वर दाखवतील, मग सचिवांना मुंबईला बोलावून विचारता येईल. नवनीतराव एका शब्दात सगळं स्वतःवर घेतील हे मी धरलंच नव्हतं. ते ‘माझ्याच’ म्हणाले आणि अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. पुढचा प्रश्न माझ्या फायलीत होता, तो कोणी विचारलाच नाही.

तू मला काय हवं ते बोल. गप्प मात्र बसू नकोस.

दादा

---

नागपूर,
१५ डिसेंबर

चि. चेतना,
अ. आ.

तुझं पत्र नाही. फोन लावला की नवनीतराव उचलतात आणि काही न बोलता ठेवून देतात. मायकडून कळलं की तू बरी आहेस. ती म्हणाली, बरी शे म्हंजे उठस, बठस, शाळामा जास.

अहवाल काल सभागृहात मांडला. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. बाकावर मोजकी माणसं होती, त्यांतली निम्मी सामान आवरायच्या घाईत. ‘अहवाल सादर करतो’ असं एक वाक्य झालं आणि पुढचा विषय आला. एवढ्यासाठी मी तुझा उंबरा चढलो नाही.

आता गोपनीय काही राहिलं नाही, म्हणून सांगतो. जांभळीपाड्याबद्दल एक परिच्छेद आहे. संबंधित शाखा अभियंत्यावर कारवाई करावी आणि योजना त्वरित पूर्ण करावी. खात्याने उत्तर आधीच देऊन ठेवलंय की कारवाई केली आहे, योजना प्रगतिपथावर आहे. साहेबांचं नाव कुठे नाही. त्यांना बढती मिळाली, नाशिकला गेले. मी तो परिच्छेद मोठा लिहिला होता. वरती जाता जाता तो लहान झाला.

मी थकलोय, चेतना. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज खिशात घेऊन फिरतो, पण देत नाही, कारण घरी बसून काय करायचं तेही सुचत नाही.

समितीचं काम संपलं. नवनीतराव आता कोणाचे साक्षीदार नाहीत. मी येऊ का?

दादा

---

शहादा,
१८ जानेवारी

ती. दादास,
चेतनाचा सा. नमस्कार.

इतके महिने लिहिलं नाही ते रागाने नव्हे. तू माफी मागितलीस आणि मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

तू पत्र बहिणीचं म्हणून वाचायला हवं होतंस असं म्हणतोस. नाही दादा, तू ते बरोबर वाचलंस. टाकी केवढी आहे आणि सगळे नळ सोडले तर किती वेळात कोरडी पडेल, हे कोणती बहीण भावाला लिहिते? ते वाक्य पायांच्या सुजेच्या शेजारी बसवायला मला कितीतरी कागद फाडावे लागले. ते तुझ्यासाठीच लिहिलं होतं. तू ते उचलशील हे मला माहीत होतं, कारण तू लहानपणापासून तसाच आहेस.

दौऱ्याच्या आदल्या वर्षी त्या योजनेचं लोकार्पण झालं तेव्हा ह्यांनी मला हौसेने वर नेलं होतं. नवी साडी नेसून गेले. कार्यक्रम झाल्यावर हात धुवायला नळ सोडला तर कोरडा. तिथे कमलीबाई म्हणून स्वयंपाकीण आहे. ती घरी पावरी बोलते, माझ्याशी तुटक मराठीत बोलली. म्हणाली, “बाई, पाणी खाली.” मला घेऊन उतरली. खाली नाल्यात वाळू उकरून झिरा केलेला, आणि पोरी हंडे भरून ती घसरण चढत होत्या. निशा नावाची एक पोर होती. ती त्याच घसरणीवर पडली होती आणि तिचा हात वाकडाच बसलाय. दुसऱ्या हाताने ती हंडा आणत होती. मला बघून तिने वाट सोडली, माझ्या साडीला पाणी लागू नये म्हणून.

उतरताना गाडीत मी ह्यांना म्हटलं, पंप जोडा ना. हे म्हणाले, साहेब देखतीन. नंतर कितीदा म्हटलं, दरवेळी साहेब देखतीन. मग मी म्हणायचं सोडलं. नवऱ्याच्या विरुद्ध तोंड उघडायचं नव्हतं आणि गप्पही राहवत नव्हतं. तेवढ्यात तुझं नाव त्या कागदावर आलं. तुझ्या पहिल्याच उत्तरात तू येणार नाहीस म्हणालास, तेव्हा मला खरंच रडू आलं. त्या रडण्यातच ते वाक्य लिहिलं.

आणि मग मी काय केलं, तर काहीच नाही. हे तुला नावं ठेवत आणि मी मेथी निवडत ऐकत बसे. ह्यांनी तुझा फोन तोडला, मायच्या दारात जाणं बंद केलं, डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला सगळं गाव गेलं तरी हे गेले नाहीत, का तर वाटेत तुमचं घर लागतं. मी एकदाही म्हटलं नाही की अहो, दादा नाही, मी. कमलीबाईचा फोन येतो अधूनमधून. नळ तसेच आहेत. एवढं सगळं केलं आणि पाणी आलं नाही, हे मला कोणाला सांगता येत नव्हतं.

संक्रांतीला सांगितलं. तिळगूळ हातावर ठेवला आणि सांगून टाकलं. वाटलं, हात उगारतील, नाही तर घराबाहेर जातील. तसं काही केलं नाही. तिळगूळ खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मंग समिती मन्हाच घरमा व्हती.”

दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी काढताना मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “तू भाऊले लिखं तवय मन्हं नाव लिखं. साहेबनं काबरं नही लिखं?”

दादा, माझ्या हातातली बादली तशीच राहिली. कारण साहेबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा टाकत होते. फोन स्पीकरवर होता. ‘नवनीत, टँकर लाव, टाकी भर, पुढचं मी बघतो’ हे मी शब्दन् शब्द ऐकलं होतं. तुला टँकर लिहिला, टाकी लिहिली, चाकाखाली दगड लावणारे हे लिहिले. तो फोन लिहिला नाही. लिहिला असता तर साक्षीच्या वेळीही तुझी चिठ्ठी गेली असती, फोन कोणाचा आला होता म्हणून, आणि आज ओट्यावर दुसराच कोणी बसला असता.

मी ह्यांना उत्तर दिलं नाही. तीन दिवस झाले, हे रोज एकदा माझ्याकडे बघतात आणि वाट बघून उठून जातात. विचारायचं म्हणून विचारत नाहीयेत, त्यांना खरंच कळत नाहीये. मलाही तेव्हा कळत नव्हतं. आता लिहिता लिहिता कळतंय. साहेबांचा मला रागच आला नव्हता. ते तसे आहेत हे मी धरून चालले होते. राग ह्यांचा आला. ज्या माणसाने दगड लावून लावून टँकर घाट चढवला, त्याने मनावर घेतलं असतं तर पाणीही चढवलं असतं, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. म्हणून ह्यांचं एकट्याचं नाव लिहिलं गेलं. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही, आणि आता समोर बसून सांगायला गेले तर माझं मलाच ते निमित्त वाटेल.

तू येऊ का म्हणून विचारलंस. ये. येताना हे पत्र घेऊन ये आणि ह्यांच्या हातात वाचायला दे. मी आत पोळ्या करत असेन.

तुझी,
चेतना